दोन बोटं, चार मोकळ्या तारा

ये ग मुक्ते, तिथूनच अशी जवळ सरक. तो फोन पालथा ठेव बघू. लाडाचं मग बोलू, आधी चार शब्द ऐकून घे. परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, अजून तेच दोन बोटांचं वाजवतेस का ग?" हसत म्हणालीस, कळलं मला. मीही हसले. पण फोन ठेवला आणि चहा उकळेपर्यंत माझ्या डोक्यात तेच. दोन बोटांचं! अगं, ज्या दोन बोटांनी तुझ्या वच्छीआजीचा मिटलेला गळा उघडला, त्यांना तू ‘तेच’ म्हणतेस? आणि तू स्वतः काय केलंस? ती एफ नावाची कॉर्ड जमेना म्हणून आख्खी गिटार खुंटीला लावलीस आणि नोकरीला बंगळूरला निघून गेलीस. सण गेले, सुट्ट्या गेल्या, द्राक्षांचा एक हंगाम येऊन गेला, दुसरा दारात आला. बाईसाहेबांचा पत्ता नाही.

आता लाडाचं. बाकी कुणी वाचत असेल तर सांगते, ही मुक्ता माझी नात, मुलाची मुलगी. आणि वच्छी म्हणजे वत्सला, माझी धाकटी जाऊ. मी अलीकडे बरीचशी मुलाकडे असते, नाशकात गंगापूर रोडला, आणि ती दिंडोरीकडे आमच्या बागेत. बाग म्हटलं की शहरातल्या लोकांना झोपाळा आणि घसरगुंडी आठवते. आमच्याकडे बाग म्हणजे द्राक्षाची, दुसरी बागच नाही.

परवा भाजी घेऊन परत येत होते. पुढ्यात क्रेट भरलेली एक पिकअप सिग्नलला उभी राहिली. मागच्या फाळक्याच्या फटीतून वास आला. पिकलेल्या द्राक्षाचा आणि त्याच्याखाली किंचित गंधकाचा. कुणाची तरी आगाप बाग, आमच्याआधी उतरलेली. मी तिथेच उभी राहिले. मागचा रिक्षावाला म्हणाला, "आजी, सिग्नल तुमच्यासाठी नाय, आमच्यासाठी हाय, तुम्ही चला." मी चालले, पण मागचा हंगाम सबंध रस्ता माझ्याबरोबर चालत आला.

त्या हंगामाचं काय सांगू? थंडी तशीच होती, पहाटे बागेत शेकोट्या तशाच पेटत होत्या, पानांवर दव तसंच. फक्त बागेत गाणं नव्हतं. वच्छी गात नव्हती.

तुला वच्छीआजीचा आवाज लहानपणी ऐकलेला आठवत असेल. उघड्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज, उंच, धारदार, मांडवाच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाच्या बाईनं मान वर करावी असा. विरळणीच्या दिवसांत ती ओव्या म्हणायची. विरळणी म्हणजे घडातले आतले मणी कात्रीनं कापून टाकायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर हात वर, मान वर. मान अवघडते, डोळ्यांत कचरा पडतो, थंडीनं बोटं आखडतात. तिच्या ओवीनं ते काम हलकं व्हायचं. ओवी तिचीच, जुळवलेली. एक अजून माझ्या तोंडात आहे:

घडाला लागला घड, मांडव झाला जड
सूर्यदेवा दादा, जरा हळूच माळ चढ

नवऱ्याची ओवी, भावाची ओवी, घरातल्या एकेका लेकराच्या नावाची ओवी. कुणाचं नाव राहिलं असं व्हायचं नाही.

मग त्या हंगामाच्या आदल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या हळदीकुंकवाला बायकांनी हौसेनं तिला बोलावलं. माईक दिला, साथीला कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा आणला. चांगला मुलगा ग, बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. सिनेमाच्या गाण्यांना जे लागतं ते त्यानं वाजवलं. पहिल्या ओळीला त्यानं हसरी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा जुडगा, धरली. वच्छी थबकली. दुसऱ्यांदा त्यानं रडकी धरली. तिनं माईक खाली ठेवला, "घसा धरलाय" म्हणाली, आणि वाण घेऊन माझ्याबरोबर घरी आली. जिन्यात म्हणाली, "अक्का, माझीच ओवी मला वळखू येईना." तिथपासून बंद. कॉलनीत सोड, बागेतसुद्धा बंद. आम्ही आग्रह केला की म्हणायची, "आता कानात त्याचंच वाजतं. तोंड उघडलं की ते मदी येतं."

मी पेटी काढली. बघ, पेटी मी कुणाकडे शिकले नाही, भजनी मंडळात बसून बसून बोटांना सापडत गेली. सुरांची नावंसुद्धा अशीच ऐकून कळली. म्हटलं, वच्छे, गा, मी तुझ्याबरोबर पेटीवर येते. दोन ओळी तिनं ओठातल्या ओठात म्हटल्या आणि थांबली. "पेटी माझ्या मागं मागं चालती अक्का. पाठीवर कुणी हाय असं वाटतं. मला मागून यायला कुणी नको. खाली उभं राहायला काहीतरी पायजे."

खाली उभं राहायला काहीतरी. हे वाक्य मी किती दिवस डोक्यात घेऊन फिरले.

आता तुझ्या गिटारीचं. माझ्या डाव्या हाताची अनामिका तुला माहीत आहे, पिकअपच्या फाळक्यात सापडलेली. तेव्हापासून तिचं मधलं पेर वाकत नाही आणि करंगळीही बहिणीच्या सोबतीनं अर्धवट वागते. व्यायामाला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. चेंडू दाबत बसायचा मला कंटाळा. तू गेल्यावर तुझ्या खोलीत झाडू मारताना कुंचा तारांना लागला आणि ती गिटार अशी काही बोलली, की मी कुंचा टाकून तिला खाली काढली. म्हटलं, चेंडूपेक्षा हे बरं. तुझ्या बाबानं दारातून विचारलं, "आई, काय चाललंय?" म्हटलं, "व्यायाम."

फोनवर शिकवणारी पोरं भराभर बोलतात. हे बोट इथे, ते बोट तिथे, तिसरं ताणून पलीकडे. माझं तिसरं बोट ताणायचा प्रश्नच नव्हता, ते आधीच ताणलेलं. सहाच्या सहा तारा एका बोटानं दाबायची तुझी ती एफ मीही करून पाहिली. मेल्या मांजरासारखा आवाज आला. म्हणून मी तुला कधी हसले नाही हं. फक्त मी खुंटीला लावली नाही.

सहा तारा मी सहा जावांसारख्या समजून घेतल्या. सगळ्यांत जाड ती थोरली, सगळ्यांत बारीक ती धाकटी. तुमचे गिटारवाले बारीक तारेला पहिली म्हणतात, उलटं मोजतात. मोजू देत. आमच्यात थोरलीपासूनच मोजतात. दांडीवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या जागेला मी खण म्हणते. तर एका सकाळी बोटं काही न लावता मी थोरलीपासून धाकटीपर्यंत एकेक तार सावकाश छेडली, आणि शेजारी पेटी ठेवून प्रत्येकीचा सूर शोधला. थोरली पांढरी तीनला बसली. तिलाच सा धरलं. मग काय निघालं सांगू? सा, म, कोमल नि, कोमल ग, प, आणि वरचा सा. मी पुन्हा छेडलं. सा म नि ग प सा. बोट न लावता! ज्यांना मी दाबून दाबून गप्प करायला बघत होते, त्या आधीपासूनच एकमेकींशी बोलत होत्या. तंबोऱ्यासमोर बसलेल्या बाईला मोकळ्या तारेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही, पण गिटार हातात घेतल्यावर मला वाटलं होतं, मोकळी राहिली ती तार म्हणजे विसरलेली तार. किती वेडेपणा!

मग मी खेळच मांडला. पहिलं आणि दुसरं बोट, शेजारच्या दोन तारांवर, एकाच खणात. दुसरी आणि तिसरी तार, दुसरा खण. हे तुला येतं, तुमची ई मायनर. तुम्ही तिथे थांबता आणि पुढच्या कॉर्डसाठी हाताचा आकार मोडता. मला आकार मोडणं जड, म्हणून मी तोच आकार तसाच दांडीवरून वर सरकवला. बाकीच्या चार तारा मोकळ्याच. काही खणांत दात आंबल्यासारखं झालं, तिथून पुढे निघाले. पाचव्या खणात ऐसपैस बसल्यासारखं वाटलं. आणि सातव्या खणात, मुक्ते, काय गंमत! दाबलेल्या तिसऱ्या तारेतून म येतो आणि मोकळ्या चौथीतून कोमल ग, अगदी खेटून, एकाच खिडकीतून दोन बहिणींनी डोकवावं तसे. पेटीवर हे दोन सूर एकदम दाबले तर कचकचतात. इथे एक दाबलेला, एक मोकळा, दोघांचा पोत वेगळा, म्हणून भांडत नाहीत. कानाला गुदगुल्या होतात. तू पुस्तकातून कॉर्ड शिकलीस, मी सरकत सरकत शोधल्या. जी सापडली तिचं एकेका तारेवरून नाव घ्यायचं: ही सा, ही सा, ही म, ही ग. घरात रोज हेच चालायचं. तुझी आई पोळ्या लाटताना म्हणायला लागली, "आई, आज त्या खिडकीतल्या बहिणी वाजवा ना."

हे सगळं छान. पण वच्छीची ओवी त्यातल्या एकाही कॉर्डवर बसेना. मी एकटीच खाली कॉर्ड छेडायची, वर ओवी गुणगुणायची. दोन ओळी बऱ्या जायच्या आणि मग काहीतरी मधे यायचं. त्या कीबोर्डवाल्याचं जे झालं तेच माझं. थोडं सुंदर, पण तेच.

विरळणी लागली तशी मी बागेत राहायला गेले, गिटार घेऊनच. दिवसा कात्री, उन्हं उतरल्यावर ओट्यावर गिटार. बागेत पहिल्यांदा आलेल्या बाईचा हात घडातले मणी कापायला धजत नाही. एवढा भरलेला घड, कशाला कापायचा? मग तो घड आतून दाटतो, मणी बारीक राहतात, मधला एखादा सडतो आणि सगळ्यांना लावतो. हे नव्या बाईला समजावताना मीच एकदा हातात कात्री धरून थांबले. स्वतःलाच म्हटलं, शाले, कॉर्डमधला कुठला मणी कापायचा ते बघ.

ओवी पुन्हा म्हटली, या वेळी एकेक सूर मोजत. सा. रे. म. प. परत म, रे, सा. पुन्हा म्हटली. ओवीत ग नव्हताच! ना शुद्ध, ना कोमल. आता तुला ठाऊक आहे, कॉर्ड हसरी की रडकी हे तो ग ठरवतो. शुद्ध ग लागला की हसते, कोमल लागला की डोळे भरतात. वच्छीची ओवी हसतही नाही, रडतही नाही. ती सूर्याला सांगते, दादा, जरा हळू चढ. काम करता करता सांगते. त्या मुलानं आधी तिला हसवलं, मग रडवलं, आणि तिला तिचीच ओवी ओळखू येईना. बरोबर आहे ना!

आणि माझ्या गिटारीत ग कुठून येत होता? मी न दाबलेल्या चौथ्या तारेतून. तीच रडत होती प्रत्येक कॉर्डमध्ये, आणि मी तिला मोकळं सोडून बाकीच्यांना समजावत होते. मग काय, दोन्ही बोटं एक तार पलीकडे नेली. तिसरी आणि चौथी. आकार तोच, एकाच खणात शेजारी शेजारी. आणि सरकत गेले. चौथ्या खणात थांबले. थोरलीपासून सावकाश अंगठा ओढला.

सा. म. रे. प. प. सा.

ग नाही. ओवीतले चारच्या चार सूर, आणि त्यांच्याशिवाय एकही नाही. प तर दोनदा, एक दाबलेल्या तारेतून, एक शेजारच्या मोकळ्या तारेतून, एकाच सुराला थोडी सावली पडल्यासारखी. मी ओट्यावरून उठले, अंगणात एक फेरी मारली, परत येऊन पुन्हा वाजवलं. तेच आलं. मग त्याच दोन तारांवर दुसऱ्या खणात, सातव्या खणात, नवव्यात सरकवून पाहिलं. कुठेच ग नाही! वच्छीच्या ओवीला उभं राहायला पुरतील एवढे ओटेच्या ओटे त्या दोन तारांवर होते. अगं, मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला की सांगायला कुणीच जवळ नव्हतं म्हणून मी गोठ्यातल्या म्हशीला वाजवून दाखवलं. तिनं कान हलवला. एकच, पण हलवला.

नाव काय या कॉर्डचं, हा पुढचा प्रश्न. मधे एकदा नाशकात आले तेव्हा कॉलनीतल्या क्लासच्या निखिल सरांना दाखवली. तुझेच सर. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग डोळे मिटून ऐकलं. "आजी, परत." परत वाजवली. "परत." मग म्हणाले, "बी सेव्हन सस फोर म्हणता येईल, खाली ई." तुला फोनवर ऐकवली तर तू म्हणालीस, "छे ग आजी, ई सस टू सस फोर." आणि तुझ्या बाबाच्या फोनमध्ये ऐकून नाव सांगणारं ते काहीतरी आहे, ते म्हणालं, ए सिक्स सस टू. ‘सस’चा अर्थ मला तुझ्या सरांनीच सांगितला. सस म्हणजे ग घरी नाही, शेजारचा रे किंवा म त्याच्या जागेवर येऊन बसलाय. म्हटलं, हे तर मला कात्री धरून कळलं होतं.

पण तीन नावं? मी दोन दिवस विचार केला आणि मग मला माझंच लग्न आठवलं. मी माहेरी, कळवणला, इंदू. लग्नात ताटातल्या तांदळात तुझ्या आजोबांनी अंगठीनं नाव लिहिलं, शालिनी. त्या दिवसापासून दिंडोरीत मी शालिनी. आणि तुझ्या कॉलनीत मला दोन्ही नावांनी कुणी ओळखत नाही, तिथे मी मुक्ताची आजी. बाई तीच. उंबरा कुठला त्यावर नाव. कॉर्डचंही तसंच आहे. सूर चारच, पण घर कुणाला मानायचं? पाचव्या तारेच्या सुराला घर मानून तिथून मोजलंस तर तेच चार सूर सा, म, प आणि कोमल नि होतात, म्हणून सरांचं सेव्हन आणि फोर. दुसऱ्या तारेला मानलंस तर सा, रे, प, ध, म्हणून फोनवाल्याचं सिक्स. थोरलीला मानलंस तर सा, रे, म, प. कुणीच खोटं नाही बोललं.

मग खरं कुठलं? हे मी तुला सांगते, लिहून ठेव हवं तर. गाणं कुठे येऊन टेकतं ते ऐकायचं. वच्छीची ओवी फिरून फिरून थोरलीच्या सा वर येऊन टेकते. म्हणजे या ओवीपुरतं तू ठेवलेलं नाव बरोबर. हो, तूच बरोबर होतीस. सरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुक्ताचा कान होताच तसा." माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! मग मनात आलं, असा कान असलेली पोर खुंटीला गिटार लावून बसते, आणि पुन्हा तुझा राग आला.

वच्छीला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ऐकायला म्हणून बसली असती, आणि ऐकायला बसलेल्या वच्छीला काहीच पसंत पडत नाही.

काढणी लागली. मण्यांत पाणी उतरलं की घडाचा रंग आतून उजळतो, दिवा लावल्यासारखा. सकाळभर घड उतरवायचे, बोटांचा ठसा मण्यावरच्या पांढऱ्या लवेवर उमटू द्यायचा नाही, देठ धरूनच उचलायचे. भरलेली गाडी गेली की दुपारी मांडवाखाली सगळ्या जेवायला बसतात. पानांतून उन्हाचे कवडसे भाकरीवर. सुरगाण्याकडून दर हंगामाला येणाऱ्या बाया, आमच्या घरच्या, आणि मधोमध वच्छी, मिरचीच्या ठेच्याचा डबा मांडीवर घेऊन. मी क्रेट उलटा घातला, त्यावर बसले, गिटार घेतली.

"अक्का, ते लाकूड कशाला आणलं बागेत?" वच्छी म्हणाली. "चूल पेटवायची का?"

"बोटाचा व्यायाम आहे."

"मंग कर की. आम्ही काय तुला वाढायला थांबलो नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि खाली मान घालून मी व्यायाम करायला लागले. दुसरा खण. चौथा खण. अंगठा सावकाश थोरलीवरून धाकटीपर्यंत. पुन्हा दुसरा, पुन्हा चौथा. वर बघितलं नाही. माझी छाती अशी धडधडत होती, की वाटलं गिटारीच्या पोकळीत तीच वाजतेय. पुन्हा तो कीबोर्ड तिच्या कानात जागा झाला असता तर ती यापुढे माझ्यासमोर गुणगुणलीसुद्धा नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाया बोलत होत्या. भांडी वाजत होती. मग वच्छीच्या बाजूचा आवाज थांबला. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता.

"ते परत वाजव."

"कोणतं?"

"सोंग नको करू. आत्ताचं. हिकडं ना तिकडं ते."

चौथ्या खणात बोटं ठेवली आणि छेडलं. तारा वाजून वाजून विरत गेल्या. वच्छीनं हातातला तुकडा डब्यात ठेवला, तोंडावरून पदर फिरवला. पुन्हा छेडलं. आणि तिनं काही न सांगता, घसा न खाकरता, जिथे माईक ठेवला होता तिथूनच उचलली.

घडाला लागला घड, मांडव झाला जड.

मुक्ते, तो आवाज वर गेला ना ग, तेव्हा मला माझ्या बोटांखालची तार दिसेना. डोळ्यांत काय आलं ते आलं, पण मी अंगठा थांबवला नाही. ती माझ्या पुढे गेली, थांबली, वळली, मनाला येईल तिथे लांबवली, आणि माझी ती दोन बोटांची कॉर्ड तिच्या मागे धावली नाही. खाली पसरून राहिली. सुरगाण्याच्या एकीनं दुसरी ओळ उचलली. मग सगळ्यांनी. कुणाचं जेवण झालं होतं, कुणाचं राहिलं होतं, कुणी पाहिलं नाही.

थांबल्यावर वच्छी माझ्या हाताकडे बघत राहिली. न वाकणारं बोट वर उभं होतं, तसंच, कुणाला तरी हात वर करून हजेरी सांगावी तसं. म्हणाली, "ह्यात मला कुणी वढत नाय अक्का. उभं राहता येतं." मग तारांवर बोट टेकवून, "तू केलं का हे?"

म्हटलं, "मी केलं."

असं सरळ उत्तर मी आयुष्यात फार वेळा दिलेलं नाही ग. केलं की म्हणायचं, झालं आपलं. झालं आपलं, जमलं आपलं, देवाची कृपा. त्या दिवशी नाही म्हटलं तसं. मी केलं. बोट वाकत नव्हतं त्यातून केलं, कुणी शिकवलं नाही तरी केलं, मोकळ्या तारांना मोकळं ठेवून केलं.

आता यंदाचा हंगाम. बागेत गाणं आहे. विरळणी गात गात झाली आणि मला दर दोन दिवसांनी निरोप, "अक्का, व्यायामाला ये." वच्छीनं नव्या ओव्या जुळवल्यात. घरातल्या एकेकाची ओवी झाली. तुझ्या बाबाची झाली, आईची झाली, सुरगाण्याच्या बायांच्या लेकरांची झाली, एक त्या कान हलवणाऱ्या म्हशीचीही झाली, खोटं नाही सांगत. मी म्हटलं, "वच्छे, माझ्या मुक्ताची राहिली."

म्हणाली, "राहिली नाय, ठेवली. जुळवून ठेवली हाय. पण समोर नसलेल्या पोरीची ओवी मी गात नाय. तिला म्हनाव मांडवाखाली येऊन बस, मंग गाती."

किती विनवलं, एक शब्द सांगत नाही ती. मी तिची पद्धत ओळखते, मरेपर्यंत सांगणार नाही. तुझं नाव कुठे येतं, सुरुवातीला की शेवटी, मला काहीच ठाऊक नाही. एवढंच म्हणाली, की या ओवीत एका ठिकाणी सूर जरा निराळीकडे जातो आणि तिथे माझी कॉर्ड पुरणार नाही. तिथे काय धरायचं ते तुझा कान सांगेल. माझी दोन बोटं अडली तर तुझी चार आहेत.

मण्यांत पाणी उतरायला लागलंय, घड आतून उजळायला लागलेत. काढणी सुरू झाली की दुपारी मांडवाखाली जागा धरून ठेवते. तुझ्यासाठी एक क्रेट उलटा घालून ठेवीन, माझ्या शेजारी. रजेचं काय ते तुझ्या साहेबाला सांग, नाहीतर मला नंबर दे, मी सांगते. गिटार काढून तारा लावून ठेवल्यात, बोटं चौथ्या खणात आहेत. ये ग बाळा, लवकर ये. फार वेळ दाबून धरलं की दुखतात आता.